विंडोज ११ : आपले रंग, आपला फॉन्ट आणि डावीकडचा टास्कबार

रेघोटी (धागाकर्ती)

नमस्कार. मी मराठी पुस्तकांचं डीटीपी आणि मुद्रितशोधन करते. दिवसभर डोळ्यांसमोर पानंच असतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि धागा लांबणार आहे.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच डीटीपीवाल्यांनी दिवाळीच्या आगेमागे विंडोज ११ घेतलं. तेव्हापासून एकमेकींना तेच प्रश्न चालू आहेत : अमुक सेटिंग आता कुठे आहे, तमुक कुठे गेलं. नीट शोधलं तेव्हा लक्षात आलं की यातलं सगळं काही ११ मध्ये गेलेलं नाही. बरंचसं आधीच एकेक करून काढून टाकलेलं आहे, आणि आपण दर वेळी उरलेल्यात भागवत आलो आहोत.

ज्यांनी जुनं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. विंडोज ९५ पासून विंडोज ७ पर्यंत 'अपिअरन्स'ची एक चौकट होती. वरच्या भागात एक छोटा नमुना दिसायचा : चालू विंडो, तिच्यामागे बंद (म्हणजे उघडी, पण सध्या काम चालू नसलेली) विंडो, पुढे एक मेसेज बॉक्स. त्या नमुन्यात ज्या भागावर क्लिक कराल त्याचं नाव खाली यायचं आणि शेजारी त्याचा आकार, रंग, फॉन्ट. चालू विंडोचा टायटल बार वेगळा, मागच्या विंडोचा वेगळा. मेन्यू, स्क्रोलबारची रुंदी, निवडलेल्या ओळीचा रंग, टूलटिप, आयकनांमधलं आडवं आणि उभं अंतर, सगळं आपल्या हातात. ९८ मध्ये तर टायटल बारला दोन रंग देता यायचे, एकातून दुसऱ्यात उतरत जाणारे. विंडोज ७ मध्ये ही चौकट जरा आत गेली होती आणि एरो या काचेसारख्या पारदर्शक रूपावर त्यातले बरेच रंग लागत नसत, पण क्लासिक थीम (जुनं साधं रूप) निवडली की सगळं लागायचं. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा क्लासिक थीम गेली आणि ही चौकटही गेली.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. २०१५ च्या जुलैत विंडोज १० आलं तेव्हा सगळ्या विंडोंचे टायटल बार पांढरे होते, चालूचाही आणि बंदचाही. ओरड झाल्यावर त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अपडेटमध्ये रंग परत आले, पण फक्त चालू विंडोला. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटमध्ये मेन्यू, आयकन, टायटल बार यांच्या अक्षरांचा आकार वेगवेगळा ठेवायची सोय काढून टाकली. २०२१ मध्ये ११ आलं आणि टास्कबार खालच्या कडेला खिळला. १९९५ पासून तो वर, डावीकडे, उजवीकडे, कुठेही नेता येत होता.

आता हे मला का लागतं ते सांगते, कारण "रंग काय करायचेत, काम करा" असं लोक सहज म्हणतात.

माझ्याकडे कायम दोन विंडो शेजारी असतात. डावीकडे लेखकाकडून आलेलं प्रूफ, उजवीकडे मी दुरुस्त करत असलेलं पान. दोन्हींत तोच मजकूर, तोच फॉन्ट, तीच पानाची मांडणी. ऱ्हस्व वेलांटी दीर्घ करायची आहे, एखादा अनुस्वार उडवायचा आहे, तर कीबोर्ड या क्षणी कुठल्या विंडोत टाईप करणार आहे हे मला नजरेच्या कोपऱ्यातून कळायला हवं. चालू विंडोचा गडद हिरवा आणि मागच्या विंडोचा फिकट तपकिरी टायटल बार असला की मान वर न करता कळतं. दोन्ही राखाडी-पांढरे असले की प्रत्येक वेळी थांबून कर्सर शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट, पांढरा रंग. मी विंडोंची पार्श्वभूमी किंचित पिवळसर ठेवायचे, छापील पुस्तकाच्या कागदासारखी. नाईट लाईट लावा असं सगळे सुचवतात. पण त्याने अख्खा पडदाच पिवळा होतो, आणि मुखपृष्ठाचे रंग तपासायचे असतात तेव्हा ते उपयोगाचं नाही. मला फक्त मजकुरामागचा पांढरा मऊ करायचा आहे.

तिसरी, टास्कबार. पुस्तकाचं पान उभं, पडदा आडवा. उंचीतला एकेक पिक्सेल मोलाचा, रुंदी मात्र दोन्ही बाजूंना रिकामी पडलेली. टास्कबार डावीकडे ठेवला की पान मोठं दिसतं, हे इतकं साधं गणित आहे.

आणि चौथी, आपल्या सगळ्यांची. माझ्या फाइलींची नावं देवनागरीत असतात. सिस्टीमचा फॉन्ट सेगो यूआय, त्यात देवनागरी नाही, म्हणून ती अक्षरं निर्मला यूआयमधून येतात आणि इंग्रजीच्या मापाने ९ पॉइंटात बसवली जातात. 'दृष्टी'तला ऋकार, 'ट्ठ' आणि 'ट्ट' यांतला फरक, 'कौ'वरच्या दोन मात्रा या मापात वाचून बघा. विंडोज ७ मध्ये मी आयकनांचा फॉन्ट मंगल १२ ठेवला होता आणि बाकी सगळं होतं तसंच होतं. आता अक्षर मोठं करायचा सरकता खटका आहे, पण तो सगळीकडचीच अक्षरं वाढवतो.

तर यातलं काय काय कसं परत मिळवता येतं, कुणी केलं आहे का, आणि मुळात हे काढलं का, यावर लिहा. तांत्रिक लिहिलंत तरी चालेल.

---

सदाफुली

+१. टास्कबारसाठी तर +१००. मीही डावीकडेच ठेवायचे. अनुवादाचं काम करते, एका वेळी खूप फाइली उघड्या असतात. उभ्या टास्कबारमध्ये त्यांची नावं एकाखाली एक पूर्ण वाचता यायची.

---

अष्टप्रहर

रेघोटीताई, लेख आवडला. मी बरीच वर्षं विंडोजसाठी प्रोग्राम लिहितो, म्हणून 'का काढलं' याबद्दल लिहितो.

जुन्या पद्धतीत रंग ठरवायचं काम एकाच जागी होतं. सिस्टीमकडे तीसेक रंगांची यादी असायची : विंडोची पार्श्वभूमी, विंडोतला मजकूर, बटणाचा चेहरा, बटणाची सावली, निवडलेली ओळ, वगैरे. प्रोग्रामने काही रंगवायच्या आधी सिस्टीमला विचारायचं, 'इथे कुठला रंग?' आणि जे उत्तर येईल ते वापरायचं. बटणं, मेन्यू, याद्या तर सिस्टीम स्वतःच काढून द्यायची. म्हणून तुम्ही अपिअरन्समध्ये एक रंग बदललात की वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोग्राम एकदम बदलायचे.

२००१ मध्ये एक्सपीने बटणांची चित्रं आणली. रंग आता त्या चित्रात भाजलेला. निळी, ऑलिव्ह आणि चंदेरी अशा तीन छटा मिळाल्या, आणि थीमच्या फाइलीवर मायक्रोसॉफ्टची सही नसेल तर ती लागायची नाही. बाहेरच्या थीम वापरायला लोक सिस्टीमची एक फाइल बदलून घ्यायचे ते त्यामुळेच. व्हिस्टात सगळ्या विंडो एकत्र जुळवून पडद्यावर काढणारा वेगळा भाग आला. विंडोज ७ पर्यंत तो बंद करता यायचा, ८ पासून तो कायमचा चालू. क्लासिक थीम त्याच्याशिवायच्या जगातली होती.

पण माझ्या मते खरा घाव दुसरीकडून बसला. प्रोग्रामांनी सिस्टीमला विचारणंच सोडलं. क्रोमने टॅब थेट टायटल बारच्या जागी नेले. ऑफिसने स्वतःचा टायटल बार काढला. आजचे कितीतरी चॅटचे प्रोग्राम म्हणजे चौकटीत बसवलेली वेबपेजेस आहेत, त्यांचे रंग त्यांच्या स्वतःच्या फाइलीत. विंडोज ११ चं नोटपॅडसुद्धा नव्या पद्धतीने लिहिलेलं आहे, जुनी यादी ते बघत नाही. म्हणजे उद्या ती अपिअरन्सची चौकट जशीच्या तशी परत दिली, तरी तिची आज्ञा पाळणारे प्रोग्राम थोडेच उरले आहेत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ती शिस्त उत्तम होती. वापरणाऱ्याचा शब्द शेवटचा, असा तो करार होता, आणि तो आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी मोडला.

टास्कबारचं कारण वेगळं आहे. ११ मध्ये तो बराचसा नव्याने लिहिला आणि जुन्यातल्या अनेक गोष्टी नव्यात घातल्याच नाहीत. फाइल ओढून टास्कबारवर नेणं २०२२ मध्ये परत आलं. एका प्रोग्रामच्या विंडोंची बटणं एकत्र न करण्याचा पर्याय २०२३ मध्ये. बटणं लहान करण्याची सोय २०२५ मध्ये आली, पण पट्टीची उंची तेवढीच राहते. कडा बदलणं २०२५ मध्ये तरी आलं नव्हतं.

---

तळ्याकाठी

मी एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. दुसरी बाजू मांडू द्या.

९८ आणि एक्सपीच्या काळात प्रयोगशाळेतल्या कुठल्याही मशीनवर बसलं की पडदा वेगळा. कुणी मजकूर आणि पार्श्वभूमी दोन्ही काळे केलेले, कुणी स्क्रोलबार इतका रुंद केलेला की खिडकीत काही मावेना. प्रात्यक्षिक परीक्षेच्या सकाळी हे निस्तरायला लागायचं. शिवाय अनेक प्रोग्राम अर्धेच रंग सिस्टीमकडून घ्यायचे : पार्श्वभूमी तुमची आणि अक्षरं मात्र त्यांनी ठरवलेली काळी. तुम्ही पार्श्वभूमी गडद केलीत की अक्षरं गायब. फॉन्ट वाढवला की 'ओके'चं बटण चौकटीच्या खाली जायचं आणि दाबताच यायचं नाही.

विद्यार्थ्याला फोनवर "डावीकडे खाली क्लिक कर" असं सांगता येणं यालाही किंमत आहे. सगळ्यांचा पडदा एकसारखा असेल तर शिकवणं सोपं जातं, हे मी रोज अनुभवतो. तेव्हा मायक्रोसॉफ्टने हे नुसत्या हट्टाने काढलं असं मला वाटत नाही.

---

रेघोटी

तळ्याकाठी, तुमचा मुद्दा पटतो, पण अर्धा.

प्रयोगशाळेसाठी कुलूप होतं की. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे अॅडमिनने घालायच्या नियमांत, थीम बदलू न देणं, रंग आणि रूप बदलू न देणं, असे वेगवेगळे पर्याय होते. अॅडमिनने एकदा लावले की विद्यार्थ्याला ते दिसायचेच नाहीत. सार्वजनिक संगणकाला कुलूप आणि स्वतःच्या टेबलावर मोकळीक, ही सोय त्याच सिस्टीममध्ये होती. प्रयोगशाळेचं कारण देऊन घरातल्या माणसाच्या हातातलं काढून घ्यायला नको होतं.

अर्धवट रंग घेणाऱ्या प्रोग्रामांचं म्हणणं मात्र खरं आहे, ते मीही पाहिलं आहे. अष्टप्रहर म्हणतात तो करार दोन्ही बाजूंनी पाळला तरच चालतो.

---

जास्वंद

मला काचबिंदू आहे, म्हणजे नजरेचा कडेचा भाग कमी झाला आहे. मधलं नीट दिसतं. माझी अडचण रंगांपेक्षा कडांची आहे.

विंडोज ७ च्या क्लासिकमध्ये विंडोची कड जाड करता यायची. मी ती बोटभर दिसेल इतकी जाड आणि नारिंगी ठेवली होती. आता विंडोची कड एका पिक्सेलची. पांढऱ्या विंडोवर दुसरी पांढरी विंडो आली की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे मला कळत नाही. स्क्रोलबारही तसाच : माऊस नेईपर्यंत केसाएवढा.

अॅक्सेसिबिलिटीमध्ये कॉन्ट्रास्ट थीम आहेत, विंडोज ११ मध्ये चार : अॅक्वाटिक, डेझर्ट, डस्क आणि नाईट स्काय. त्यांचे रंग आपल्याला बदलता येतात, आणि जुन्या चौकटीचा जो काही अंश उरला आहे तो तिथेच. ज्यांची दृष्टी खूप कमी आहे त्यांच्यासाठी या थीम खरोखर चांगल्या आहेत. पण त्या लावल्या की ब्राउझरसुद्धा वेबसाइटचे रंग काढून आपले रंग लावतो. नकाशाच्या खुणा, वेळापत्रकातले रंग, ऑनलाइन फॉर्ममधल्या लाल चौकटी, सगळं एकसारखं होऊन जातं. म्हणजे एका टोकाला सगळ्यांसाठी ठरवलेलं रूप आणि दुसऱ्या टोकाला कॉन्ट्रास्ट थीम. माझ्यासारख्या मधल्या माणसांसाठी पूर्वी जी जागा होती ती गेली. वय वाढेल तसे आपण सगळेच त्या मधल्या जागेत येणार आहोत, म्हणून हे लिहिते आहे.

---

अष्टप्रहर

जास्वंदताई, दोन गोष्टी लगेच करून बघा.

सेटिंग्ज > अॅक्सेसिबिलिटी > व्हिज्युअल इफेक्ट्स. तिथे 'ऑल्वेज शो स्क्रोलबार्स' चालू करा आणि 'ट्रान्सपरन्सी इफेक्ट्स' बंद करा.

कडेसाठी मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज घ्या, मोफत आहे. त्यात 'ऑल्वेज ऑन टॉप' नावाची सोय आहे. विंडोज, कंट्रोल आणि टी ही बटणं एकत्र दाबली की चालू विंडो सगळ्यांच्या वर राहते आणि तिच्याभोवती रंगीत कड येते. कडेचा रंग आणि जाडी दोन्ही ठरवता येतात. तुमच्या नारिंगी कडेइतकं सहज नाही, प्रत्येक विंडोला वेगळं लावावं लागतं. पण ज्या विंडोत काम चालू आहे ती स्पष्ट दिसेल. पॉवरटॉइजमध्येच माऊस शोधून देणारा प्रकाशझोतही आहे, तो कडेची नजर कमी असलेल्यांना फार उपयोगी पडतो.

---

पैलतीर

मी सध्या न्यू जर्सीत, मॅक वापरतो. हे दुखणं फक्त विंडोजचं नाही, म्हणून लिहितो.

मॅकमध्ये दिसण्याबाबत निवड कायमच कमी. २००१ मध्ये मॅक ओएस टेन आलं तेव्हा त्याच्या 'अॅक्वा' रूपाचे दोन रंग होते, निळा आणि ग्रॅफाइट. गडद रूप यायला २०१८ उजाडलं. २०२५ च्या सप्टेंबरात आलेल्या टाहो या मॅकच्या आवृत्तीत सगळीकडे 'लिक्विड ग्लास' नावाची काच आली आहे. मागचं चित्र पुढच्या अक्षरांतून दिसतं आणि वाचायला त्रास होतो, अशी तक्रार खूप लोकांनी केली. नोव्हेंबरच्या २६.१ अपडेटमध्ये काच अधिक अपारदर्शक करायचा पर्याय दिला. त्याच टाहोमध्ये फोल्डरांना रंग देता येतात, हे मात्र चांगलं झालं. माझ्या आईचे आणि बाबांचे कागदपत्रांचे फोल्डर मी आता दोन रंगांत ठेवले आहेत.

---

वाळवंटी पाऊस

लिनक्सवरही हेच झालं आहे. २०११ मध्ये नोम या लिनक्सच्या डेस्कटॉपची नवी आवृत्ती, नोम ३, आली आणि नोम २ मधल्या पॅनेलपासून थीमपर्यंत कितीतरी गोष्टी गेल्या. फरक एवढाच की तिथे कोड खुला असल्यामुळे लोकांनी जुनं सोडलं नाही. नोम २ पुढे नेणारं माटे आणि लिनक्स मिंटचं सिनॅमन हे डेस्कटॉप त्यातूनच आले. नोमवाले मात्र आपल्या वाटेनेच गेले. २०१९ मध्ये काही प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी जाहीर पत्रच काढलं होतं की आमच्या प्रोग्रामांना परस्पर थीम लावू नका, आमची मांडणी बिघडते. २०२२ च्या नोम ४२ पासून नवे प्रोग्राम बाहेरच्या थीम मानत नाहीत. अष्टप्रहर यांनी सांगितलेलंच कारण, फक्त इथे ते उघडपणे मांडलं गेलं.

रेघोटीताईंना जे हवं आहे ते जवळजवळ सगळं केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये आहे. चालू आणि बंद टायटल बारचे रंग वेगळे, विंडोची पार्श्वभूमी वेगळी, पॅनेल चारांपैकी कुठल्याही कडेला, मेन्यूचा आणि टायटल बारचा फॉन्ट वेगवेगळा. त्याहून पुढचं म्हणजे विंडोचे नियम. 'ज्या विंडोच्या नावात प्रूफ हा शब्द आहे तिच्या टायटल बारला ही रंगसंगती' असा नियम लिहिता येतो. मी सर्व्हर सांभाळतो. खऱ्या सर्व्हरच्या विंडोला लाल पट्टी आणि चाचणीच्या विंडोला हिरवी, असं मी याच पद्धतीने ठेवलं आहे.

---

रेघोटी

वाळवंटी पाऊस, विंडोच्या नावावरून रंग! हे मला विंडोजमध्येही कधी मिळालं नव्हतं. वाचून हेवा वाटला.

पण आमची अडचण अशी की इनडिझाइन हा पानं लावायचा प्रोग्राम लिनक्सवर येत नाही, आणि प्रकाशकांकडून येणाऱ्या जुन्या फाइली लिपीच्या खास सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या असतात, त्यांचे फॉन्टही युनिकोडचे नसतात. स्क्रायबस या लिनक्सवरच्या तशाच प्रोग्राममध्ये आता देवनागरी जोडाक्षरं नीट येतात, हे मी पाहिलं आहे. पण प्रकाशकाला त्याची नेहमीचीच फाइल लागते. त्यामुळे माझ्यासारखीला घर बदलता येत नाही. म्हणूनच घरात जे होतं ते काढलं की जास्त लागतं.

विंडोजमध्ये राहून काय होईल ते सांगा.

---

अष्टप्रहर

रेघोटीताई, क्रमाने घेऊ. रेजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठवलेल्या असतात त्या नोंदींत) हात घालण्याआधी त्या भागाची प्रत एक्सपोर्ट करून ठेवा, हे सगळ्यांसाठी.

टायटल बार : सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > कलर्स, तिथे सगळ्यात खाली टायटल बार आणि कडांवर अॅक्सेंट रंग दाखवायचा पर्याय चालू करा. चालू विंडोला रंग येईल. मागच्या विंडोचा रंग सेटिंगमध्ये नाही, पण सिस्टीम तो अजून मानते. रेजिस्ट्रीत करंट युझर > सॉफ्टवेअर > मायक्रोसॉफ्ट > विंडोज > डीडब्ल्यूएम इथे 'अॅक्सेंटकलरइनअॅक्टिव्ह' नावाची ३२ बिटांची डीवर्ड नोंद करून रंगाचा आकडा द्या. रंगांचा क्रम इथे उलटा आहे : निळा, हिरवा, लाल. वेबच्या सवयीने लाल लिहायला गेलात तर निळा येईल. इनडिझाइनसारखे स्वतःचा टायटल बार काढणारे प्रोग्राम हे मानतीलच असं नाही.

पार्श्वभूमी : करंट युझर > कंट्रोल पॅनेल > कलर्स. तिथे 'विंडो' या नोंदीत २५५ २५५ २५५ असेल. तिथे २५० २४५ २३० लिहून साइन आउट करून परत या. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामांत पिवळसर पार्श्वभूमी मिळेल, नव्यांत नाही.

स्क्रोलबार आणि आयकनांमधलं अंतर : कंट्रोल पॅनेल > डेस्कटॉप > विंडोमेट्रिक्स. 'स्क्रोलविड्थ' मध्ये उणे २५५ असतं. पिक्सेल गुणिले उणे १५ असा तो हिशोब आहे, म्हणजे १७ पिक्सेल. २५ पिक्सेल हवे तर उणे ३७५ लिहा. त्याच जागी 'आयकनस्पेसिंग' आहे.

विंडोजमध्ये सोय नसेल तेव्हा टास्कबारची कड बदलायला बाहेरचा प्रोग्राम लागतो. स्टार्टऑलबॅक विकत मिळतो, एक्सप्लोररपॅचर मोफत आहे. पण हे दोन्ही सिस्टीमच्या पोटात हात घालतात. २०२४ मध्ये २४एच२ आवृत्तीच्या वेळी यांच्या जुन्या आवृत्त्या असलेल्या मशीनवर विंडोजने अपडेटच अडवलं होतं. ज्या मशीनवर पोट चालतं त्यावर मी ते घालणार नाही. निदान मोठ्या अपडेटआधी काढून, मग नवीन आवृत्ती घालावी.

---

सदाफुली

पांढऱ्या पार्श्वभूमीसाठी माझ्याकडे रेजिस्ट्रीशिवायचे उपाय आहेत, रोज वापरते.

वर्डमध्ये डिझाइन > पेज कलर. पानाला पिवळसर रंग द्या. छापताना तो येत नाही, कारण पार्श्वभूमीचे रंग छापायचा पर्याय मुळात बंदच असतो. फक्त फाइल दुसऱ्याला पाठवताना रंग काढा, नाहीतर त्यांनाही पिवळं दिसेल.

अॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रेफरन्सेस > अॅक्सेसिबिलिटी, तिथे कागदपत्राचे रंग बदलायचा पर्याय आहे. पानाची पार्श्वभूमी आणि मजकूर दोन्हींचे रंग निवडता येतात, मूळ पीडीएफ तशीच राहते.

इनडिझाइनचं तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहिते : स्वॉचेसमध्ये 'पेपर' आहे त्यावर डबल क्लिक करून रंग बदला. तो फक्त पडद्यावरचा कागद आहे, छपाईत जात नाही.

---

रेघोटी

सदाफुली, 'पेपर' स्वॉच आर्ट पेपरवरच्या कामाला वापरत आले होते, डोळ्यांसाठी वापरायचं डोक्यात आलं नव्हतं. आता प्रूफ वाचताना पिवळसर आणि मुखपृष्ठाला पांढरा असं फाइलीगणिक ठेवता येतंय. आणि प्रूफ पिवळ्या कागदावर, दुरुस्तीचं पान पांढऱ्यावर ठेवलं तर दोन विंडो ओळखायचा प्रश्नही बराचसा सुटतो, टायटल बार असो नसो!

अष्टप्रहर, मागच्या विंडोचा रंग लागला. फाइल एक्सप्लोररचा टायटल बार तसाच राहिला, बाकी जुन्या प्रोग्रामांना लागला. स्क्रोलबारही रुंद झाला. मनापासून आभार.

टास्कबार मी सध्या आपोआप लपणारा केला आहे. डावीकडे नेत नाही, कामाच्या मशीनवर तुमचा सल्ला पाळणार आहे.

---

तळ्याकाठी

वरची चर्चा वाचून एक सांगावंसं वाटतं. जास्वंदताईंनी लिहिलेली मधली जागा माझ्या लक्षात नव्हती. आमच्याकडे कमी दृष्टी असलेले विद्यार्थी येतात, त्यांना आम्ही सरळ कॉन्ट्रास्ट थीम लावून देतो आणि काम झालं असं समजतो. या सत्रापासून पॉवरटॉइज, रुंद स्क्रोलबार आणि मोठा रंगीत माऊस पॉइंटर त्यांच्या मशीनवर घालून ठेवतो आणि त्यांनाच विचारतो, काय बरं पडतं.

दुसरं, फीडबॅक हब या मायक्रोसॉफ्टला सूचना पाठवायच्या प्रोग्राममध्ये टास्कबार हलवण्याची मागणी सर्वाधिक मतं मिळालेल्या मागण्यांपैकी एक आहे. विंडोज की आणि एफ दाबलं की ते उघडतं. बटणं वेगळी ठेवायचा पर्याय लोकांनी मागूनच परत मिळवला, तेव्हा तिथे मत द्या. देवनागरी फाइलनावांचा मुद्दा कुणी मांडलेला दिसत नाही, तो रेघोटीताईंनी लिहावा, आम्ही मतं देतो.

---

रेघोटी

लिहिते. विंडोज ७ मधलं मंगल १२ आणि आत्ताचं ९ पॉइंट, दोन्हींची चित्रं जोडते, 'दृष्टी' आणि 'चिट्ठी-चिठ्ठी' ही नावं ठेवून.

फक्त तोवर आयकनांच्या फॉन्टचं काही करता येईल का? विंडोमेट्रिक्समध्ये 'आयकनफॉन्ट' दिसतं, पण आत नुसते आकडे आहेत.

---

अष्टप्रहर

ते आकडे हाताने बदलू नका. फॉन्टचं नाव, उंची, जाडी सगळं एकाच नोंदीत बांधलेलं असतं. विनएरो ट्वीकर नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात आयकन, मेन्यू, टायटल बार आणि मेसेज बॉक्स यांचे फॉन्ट वेगवेगळे ठेवता येतात. तो फक्त ही नोंद लिहितो, सिस्टीमच्या फाइलींना हात लावत नाही, त्यामुळे अपडेटची भीती कमी.

मंगल आता आपोआप येत नाही. सेटिंग्ज > सिस्टीम > ऑप्शनल फीचर्समध्ये 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' शोधून घाला, त्यात मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साह हेही मिळतात. मग विनएरोत आयकनसाठी मंगल १२ निवडा आणि साइन आउट करा. नावं दोन ओळींत गेली तर 'आयकनव्हर्टिकलस्पेसिंग' थोडं वाढवा, नाहीतर खालच्या आयकनावर वेलांट्या चढतील.